शलमोनदादाचं तस्त

शलमोनदादाची आठवण झाली की मला आधी वास येतो. खोबरेल तेल, मिठाचं पाणी आणि ओकारी, तिन्हींचा मिळून आंबूस असा. माणसाच्या आधी त्याचा वास आठवावा, हे त्याच्याबद्दल चांगलं बोलणं नव्हे. पण मी चांगलं बोलायला बसलेलीच नाही. सगळे त्याला अहो-जाहो करत, तोंडावर मीही करत असे. लिहिताना मात्र ते मला जमत नाही. नावामागचं 'दादा' तेवढं जिभेच्या सवयीचं आहे, म्हणून राहू देते.

सोनईच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या कडेला मिशनचं कंपाउंड होतं. त्यात शाळा, चर्च म्हणजे आमचं देऊळ, पाळकसाहेबांचं घर आणि ख्रिस्ती माणसांची दहा-बारा बिऱ्हाडं. मी त्या शाळेत शिकवायची आणि शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायची. पाऊस लागोपाठ हुकलेला, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. माणसं थकलेली होती, चिडलेली होती आणि हे आपल्याच वाट्याला का, असं एकमेकांना विचारत होती. अशा वेळी शलमोनदादा एक वळकटी आणि एक तस्त घेऊन आला आणि त्यानं सांगितलं की का ते त्याला ठाऊक आहे.

बुटका, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस. बायको वारलेली. डोक्याला इतकं तेल की कपाळावर ओघळ यायचा. उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं, त्यानं तो बोलता बोलता कान कोरायचा आणि निघालेलं निरखून बघायचा. आधी कुठल्याशा खासगी मोटारीवर कंडक्टर होता म्हणे. ते खरं असावं, कारण भूत काढतानाही त्याच्या आवाजात 'चला, उतरा, खोळंबा करू नका' असाच सूर असायचा. गळा मात्र देवानं खरोखर दिलेला होता. तो भजन म्हणायला लागला की खडी फोडून आलेली, हातांना फोड आलेली माणसं डोळे मिटून डुलायला लागत. तेवढा वेळ मीसुद्धा त्याचं नख विसरत असे.

त्याचं शास्त्र सोपं होतं. ताप आला, भूत. नवरा दारू पितो, भूत. मूल होत नाही, भूत. शाळेतले दुसरे मास्तर दिवसातून आठदा चहा घेतात, तेही भूत. "भाडेकरू हाय त्यो, मालक न्हाई," असं तो प्रत्येकाला सांगायचा. "मालक वर हाय. त्याच्या नावानं नोटीस काढली की ह्याला बोचकं बांधावंच लागतंय." ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. आपला दोष नाही, आपण आजारीही नाही, फक्त घरात कुणी तरी घुसलंय आणि ते निघेल, एवढं ऐकायला कुणाला आवडणार नाही?

आता ते तस्त. पांढरं इनॅमलचं, निळ्या काठाचं, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी ठेवतात तसलं. माणसाला समोर बसवायचं, कपाळावर अंगठ्यानं तेल चोळायचं आणि तांब्याभर मिठाचं पाणी पाजायचं. मग मानेवर हात दाबून प्रार्थना सुरू. मिठाच्या पाण्यानं जे व्हायचं तेच व्हायचं. माणूस भडाभडा तस्तात ओकायचा, आणि शलमोनदादा ते तस्त उचलून लोकांपुढून फिरवायचा. "हे बघा, फेस आलाय. हा मत्सराचा आत्मा. ही पिवळी तार दिसती का, हा लोभाचा." लोक वाकून वाकून बघत. बाया पदर नाकाला लावत, पण बघत. मी एकदा बघितलं. त्यात सकाळची भाकरी होती, बाकी काही नव्हतं.

त्यानंतर जेवण असायचं, कारण ज्याच्या घरचं भूत निघालं त्यानं दादाला जेवायला घालायचं ही रीतच पडून गेली होती. हात धुण्याचं त्याला वावडं होतं. तस्त ओट्याखाली सरकवायचा, हात विजारीला पुसायचा आणि रश्श्यात भाकरी कुस्करायला लागायचा. बोटं एकेक करून चाटायचा. एकदा मला त्याच पंगतीला बसावं लागलं. मी डोकं दुखतंय म्हणून उठले, तर त्यानं तोंडात घास असतानाच विचारलं, डोक्यातल्या भाडेकरूचं काय करायचं बाई? सगळे हसले. मी घरी येऊन चूळ भरली.

हसण्याजोगं काही नव्हतं असं नाही. कंपाउंडात मरियाआजी म्हणून एक म्हातारी होती, ठार बहिरी. शलमोनदादानं तिच्या कानात बोटं घातली आणि अर्धा तास त्या कानात ओरडून ओरडून बहिरेपणाच्या आत्म्याला हाकललं. त्याचा गळा बसला, घामानं सदरा अंगाला चिकटला. शेवटी त्यानं खुणेनं विचारलं, कसं काय? आजी प्रसन्न हसून म्हणाली, "लई बरं वाटलं बाबा. पर काय म्हनत हुतास ते कळलं न्हाई." आठवडाभर कंपाउंडात तेवढाच विषय होता. शलमोनदादाचं त्यानं काही बिघडलं नाही. आजीचं भूत हट्टी आहे, एवढं सांगून तो मोकळा झाला.

त्याच्याकडं आमचीच माणसं येत असं नव्हे. शेजारच्या वस्त्यांवरून शेतकऱ्यांच्या बाया यायच्या, कुंकू लावलेल्या, पदरात नारळ बांधलेल्या. नारळ तो परत करायचा, तस्त मात्र त्यांच्याही पुढं धरायचा. पाळकसाहेबांना हे सगळं नको होतं. ते सत्तरीला आलेले, शांत, नीट बोलणारे गृहस्थ. एका सकाळी त्यांनी शलमोनदादाला ओसरीवर बोलावून घेतलं. मी शाळेच्या किल्ल्या द्यायला गेले होते, तिथंच थांबले. साहेब म्हणाले, भुतं नसतात असं मी म्हणत नाही, प्रभूनं ती काढली हे मी मानतो. पण त्यानं कुणाला ओकायला लावलं नाही, आणि बरं केल्यावर बहुतेकांना गप्प घरी जा म्हणून सांगितलं. आजारी माणसासाठी प्रार्थना कर आणि मग त्याला दवाखान्याचा रस्ता दाखव, दोन्ही कर.

शलमोनदादानं ऐकून घेतलं, कान कोरला आणि म्हणाला, "साहेब, तुमी सांगता डॉक्टरकडं जा. लोक तुमच्याम्होरं व्हय म्हनत्यात आन् रातीचं कोंबडं घेऊन देवऋष्याकडं जात्यात. तुमाला ठावं न्हाई, मला हाय. तितं जान्यापरीस प्रभूच्या नावानं माज्याकडं आली तर तुमचं काय गेलं?"

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांतसुद्धा ट्रंकेच्या तळाशी जुन्या देवांचे टाक निघत, पोरांच्या कमरेला गंडे निघत. हे त्या माणसाला कळत होतं आणि आम्ही शिकलेल्यांनी ते बघायचं टाळलं होतं. म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. ज्याला माणसं इतकी कळतात त्यानं त्यांचं असं करावं?

तेच टाक आणि गंडे जाळायचा त्यानं पायंडा पाडला. उपासना संपली की देवळामागच्या मैदानात काटक्या पेटवायच्या आणि ज्याच्याकडं जे लपवलेलं असेल ते त्यानं सगळ्यांसमोर आणून त्यात टाकायचं. ताईत, काळे दोरे, अंगाऱ्याच्या पुड्या. टाक जळत नसत, ते दगडानं ठेचायचे. मग टाकणाऱ्यानं उभं राहून साक्ष द्यायची की मी आता मोकळा झालो. आमच्यात साक्ष म्हणजे मोठी गोष्ट. मंडळीसमोर, देवाला स्मरून जे बोललं ते मागं घ्यायचं नसतं. त्या जाळाला साक्ष जोडली, ही त्याची खरी हुशारी होती.

कंपाउंडात दाविदमामा म्हणून सुतार होते. शाळेची बाकं, देवळाची दारं सगळी त्यांच्या हातची. त्यांची थोरली मार्था माझ्या शाळेत शिकून मोठी झालेली, अंगानं किरकोळ, बोलायला कमी, स्वयंपाकाला चपळ. तिला फिट येत असे. आधी महिन्या-दोन महिन्यांनी यायची, मग मी मागं लागून तिला नगरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रोज रात्री घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की एकही दिवस चुकवायची नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली. वर्षभर मुलगी नीट होती. मिरजगावकडच्या एका घरातून तिला मागणी आली, मुलगा शिक्षक होता, बोलणी ठरत आली होती. तेवढ्यात त्या लोकांच्या कानावर कुठून तरी गेलं की मुलगी पडते.

दाविदमामा माझ्याकडं आले ते ठरवूनच आले होते. शलमोनदादाकडून मार्थावर हात ठेवून घ्यायचे, पाहुण्यांना बोलवायचं, त्यांच्यासमोर भूत काढायचं. मी म्हटलं, मामा, तिला भूत नाही हे तुम्हांला माहीत आहे. गोळीनं थांबतंय ते भूत कसलं?

त्यांनी हातातलं पेन्सिलीचं थोटूक कानामागं खोचलं. मग म्हणाले, "भूत हाय म्हटलं तर त्ये निगून जातंय, बाई. फेफरं हाय म्हटलं तर पोरगी जल्मभर माज्या घरात. तुमीच सांगा, मी काय म्हनू?"

मी जे सांगायचं ते सांगितलं, पण तो माणूस मला मूर्ख वाटला नाही. त्यानं दोन दुखण्यांतलं परवडणारं निवडलं होतं.

त्या रविवारी मिरजगावची माणसं पुढच्या बाकावर बसली होती. मार्थाला तस्तासमोर बसवलं, पाणी पाजलं, मान दाबली. त्यापुढचं मी लिहीत नाही. झाल्यावर तिचं तोंड पदरानं पुसून शलमोनदादा तिला मैदानात घेऊन गेला आणि जाळासमोर उभं करून विचारलं, तुझ्याकडं काय आहे? तिच्याकडं ताईत नव्हता, गंडा नव्हता. मामांनी तिच्या हातात गोळ्यांची बाटली दिली. मी पुढं झाले आणि म्हणाले की हे औषध आहे, हे जाळायचं नाही. शलमोनदादा माझ्याकडं बघून हसला. ते हसू रागाचं असतं तर बरं झालं असतं, पण ते अगदी समजुतीचं होतं. तो लोकांना म्हणाला, "एकादा माणूस ताईत बांधतो, एकादा माणूस बाटलीत ठेवतो. भरवसा तर दोनीकडं प्रभूवर न्हाईच." लोकांनी 'आमेन' म्हटलं. मार्थानं बाटली टाकली. काच तडकल्याचा आवाज झाला. मग तिनं साक्ष दिली की मी मोकळी झाले.

दुसऱ्याच दिवशी मी सोनईहून नगरची मोटार धरली आणि तशाच गोळ्या घेऊन आले. मार्था ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिनं पुडी हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

"मी साक्ष दिलीया बाई," ती म्हणाली. "आता गोळी खाल्ली तर मी देवाम्होरं खोटी पडन."

मी रागावले, समजावलं, साहेबांना तिच्याकडं पाठवलं. साहेबांनी सांगितलं की अशी साक्ष देव धरत नाही. ती हो म्हणून मान हलवायची आणि गोळी घ्यायची नाही. जिच्यावर चिडावं अशी एकच व्यक्ती होती आणि ती तेव्हा शेजारच्या वस्तीवर कुणाच्या तरी घरी रस्सा ओरपत होती.

मिरजगावच्या माणसांनी होकार दिला होता. लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मार्था भाकरी करताना चुलीत पडली. घरात कुणी नव्हतं. शेजारणीला वास आला म्हणून ती धावली, तोवर उजवा हात जळून गेला होता. गळ्यालाही चटका बसला. नगरच्या दवाखान्यात ती दोन महिने होती. जीव वाचला, पण बोटं एकमेकांना चिकटून हाताचा गोळा झाला. मिरजगावची माणसं भेटायला आली, सफरचंदं ठेवून गेली आणि परत आली नाहीत.

शलमोनदादाही दवाखान्यात आला होता. मी तिथंच होते. मला वाटलं होतं, माणूस निदान खाली बघेल. तो खाटेशेजारच्या स्टुलावर ऐसपैस बसला आणि दाविदमामांना समजावून सांगायला लागला की घर झाडून रिकामं ठेवलं की गेलेला भाडेकरू आणखी सात जणांना घेऊन येतो, हे बायबलातच आहे. घर रिकामं ठेवलं, विश्वास कमी पडला. मार्था शुद्धीवर होती, सगळं ऐकत होती. हे सांगताना तो तिच्याच उशाशी ठेवलेलं सफरचंद खात होता. बिया तो तळहातावर थुंकत होता. मी त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला, पण आधी सफरचंद संपवलं.

यानंतरची गोष्ट कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मार्था घरी आल्यावर काही दिवसांनी शलमोनदादानं तिला मागणी घातली. स्वतःसाठी. तो पन्नाशीचा, ती एकोणीस-वीस वर्षांची. अशा मुलीला सांभाळायला रोज प्रार्थना करणारा माणूसच लागतो, असं तो म्हणाला. दाविदमामांनी होकार दिला. मी मार्थाला विचारलं तर ती म्हणाली, दुसरं कोण विचारतंय?

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिल्याच रविवारी मी उभी राहिले. आयुष्यात देवळात मी तशी कधी उभी राहिले नव्हते. साहेबांनी विचारलं, बाई, काय हरकत आहे? मी म्हटलं, या माणसानं तिचं औषध जाळलं, म्हणून तिचा हात जळला. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "नवरा-नवरी नात्यातली नाहीत, कुणाचा आधीचा जोडीदार हयात नाही, मुलगी सज्ञान आहे," ते अगदी हळू म्हणाले. "बाई, तुम्ही सांगता ती हरकत पुस्तकात नाही." किळस येणं ही नियमात बसणारी हरकत नव्हती. ते लग्न झालं, साहेबांनीच लावलं. लग्नानंतर शलमोनदादानं गाव सोडलं. वळकटी मार्थाच्या डोक्यावर होती, तस्त त्याच्या काखेत.

नंतर तो मला एकदाच दिसला. पाऊसपाणी पुन्हा ठीक झालं होतं. माझी बहीण काष्टीला दिलेली, तिच्याकडं गेले होते. बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या बाजारापलीकडं कनात लावलेली दिसली आणि आतून तो गळा ऐकू आला. मी जायला नको होतं, पण गेले. शलमोनदादा आणखी सुटला होता. त्याच्या शेजारी मार्था डोक्यावर पदर घेऊन बसली होती. भजन संपलं तसं त्यानं तिला उभं केलं आणि म्हणाला, दाखव. तिनं पदराखालून तो हात बाहेर काढला. त्यानं तो मनगटाला धरून उंच केला, इकडून तिकडं फिरवला, शेवटच्या रांगेतल्यांनाही दिसला पाहिजे म्हणून. "सात हुते," तो म्हणाला. "साती काढले. दोन वर्सं झाली, एकदाबी पडली न्हाई. इचारा तिला." लोक वाकून बघत होते. मार्थानं होकाराची मान हलवली.

सभा संपल्यावर त्यानं मला ओळखलं. "सलाम बाई," म्हणून जुनी ओळख असल्यासारखा हसला, बसायला सतरंजी झटकली आणि चहा सांगायला स्वतः गेला. मी मार्थाजवळ बसले. ती पहिल्यापेक्षा भरली होती, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मी तिला हळूच विचारलं, खरंच पडली नाहीस?

"न्हाई की."

"असं कसं?"

तिनं कनातीच्या दाराकडं एकदा बघितलं. "गोळ्या घेते मी. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापास्नं. त्येच नगरला जाऊन घिऊन येत्यात. एक दिस चुकू देत न्हाईत." मग, मला समजलं नसेल असं वाटून की काय, तिनं पुढं सांगितलं, "सभेत पडले तर त्यांची लाज जाईल न्हवं?"

"आणि तुझी साक्ष?"

"त्ये म्हनले, ती मी बगतो."

म्हणजे त्याला माहीत होतं. बाटली जाळात पडली तेव्हाही माहीत असेल का, हे मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात तो चहा घेऊन आला. तिचा कप त्यानं स्वतः बशीत ओतला, फुंकून निववला आणि बशी तिच्या ओठांना लावली, कारण भरली बशी तिला एका हातानं तोलता येत नव्हती. ती घोट घोट प्यायली. हनुवटीवर ओघळ आला तो त्यानं त्याच करंगळीनं पुसला. ती मागं सरली नाही. मग माझा कप त्यानं काठाच्या आत बोट घालून माझ्यापुढं धरला. मार्था माझ्याकडं बघत होती. मी तो चहा प्यायले.